बहात्तर सालचा समुद्र

लिमा शहरातल्या घरांना पन्हळी नाहीत. छपराला उतार नाही, दाराला वळचण नाही, रस्त्याकडेला पावसाचं पाणी वाहून नेणारी गटारं नाहीत. एक कोटीच्या आसपास वस्ती आणि वर्षाचा पाऊस दहा मिलिमीटरसुद्धा नाही, म्हटल्यावर कशाला कोण तो खर्च करेल! गच्च्यांवर लोकांनी जुनी कपाटं, गाद्या, पुठ्ठ्याची खोकी, मोडक्या सायकली बिनघोर टाकून दिलेल्या असतात. आभाळ मात्र हिवाळाभर गच्च भरलेलं. जून ते ऑक्टोबर सूर्याचं दर्शन दुर्मीळ, हवेत एवढी ओल की दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, कधी कधी कपाळावर अगदी बारीक तुषार बसतात आणि तेवढ्यावर भागतं. लिमाकर आपल्या या आभाळाला गाढवाचं पोट म्हणतात. मी माण तालुक्यातली. न बरसणारे ढग मला नवे नाहीत. पण आमचे ढग निदान पुढे कुठे तरी जातात. इथले महिनोन्‌महिने एका जागी ठाण मांडून बसतात आणि कोणी त्यांच्याकडे मान वर करून बघतही नाही.

कारण समुद्रात आहे. दक्षिण ध्रुवाच्या बाजूने गार पाण्याचा प्रवाह किनाऱ्याला लागून उत्तरेकडे वाहतो. वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून आत लोटतो आणि त्याच्या जागी तळाचं आणखी गार पाणी वर येतं. गार पाण्यावरची हवा जड. ती उंच चढत नाही, म्हणून ढग धुक्याच्या पुढे जात नाहीत. चेन्नई विषुववृत्ताच्या उत्तरेला जेवढी आहे, जवळजवळ तेवढंच लिमा दक्षिणेला. तरी जूनमध्ये स्वेटर लागतो आणि सुमारे २,४०० किलोमीटरचा पेरूचा सगळा किनारा वाळवंट आहे. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट १८०२ मध्ये इथे आला तेव्हा त्याने या पाण्याचं तापमान मोजलं आणि प्रवाहाला त्याचं नाव चिकटलं. त्याला ते पटलं नव्हतं. ही गोष्ट इथल्या कोळ्यांच्या पोरांना तीनशे वर्षं ठाऊक आहे, मी फक्त तापमापक बुडवला, अशा अर्थाचं तो सांगत राहिला. शास्त्रज्ञांत हा प्रामाणिकपणा विरळा, म्हणून मला हा माणूस आवडतो.

मी पेरूला का गेले, हे मात्र सांगायला हवं, कारण विमानात शेजारी बसलेल्या प्रत्येकाने माचू पिच्चूबद्दल विचारलं आणि मी ते पाहणारच नाही म्हटल्यावर माझ्याकडे संशयाने बघितलं. माझा जन्म १९७२ चा. आमच्या बाजूला या सालाचं नुसतं 'बहात्तर' म्हटलं तरी पुढचा शब्द उच्चारावा लागत नाही. आई दिवस भरत आले तरी पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहत होती आणि नंतर मला झोळीत टाकून खडी फोडत होती. सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो, यांवर घराने ते वर्ष काढलं. किती तरी वर्षं घरात मला लाडाने 'दुष्काळी' म्हणत. पुढे केव्हा तरी वाचनात आलं की त्याच वर्षी पेरूच्या समुद्रातले मासे नाहीसे झाले होते आणि दोन्हींच्या मागे एकच गोष्ट होती. एल निनो, म्हणजे तिथल्या समुद्राचं तापणं. दर एप्रिल-मेमध्ये हे नाव आमच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर येतं, पारावरची माणसं ते पुढाऱ्याचं घ्यावं तसं घेतात. ज्या पाण्यामुळे आपलं बारसं असं झालं ते पाणी बघावं, एवढीच इच्छा होती. पुण्यात संध्याकाळच्या वर्गात शिकलेली मोडकी स्पॅनिश घेऊन २०२३ च्या जूनमध्ये मी निघाले, आणि योगायोग असा की ते सालही एल निनोचंच निघालं.

लिमात उतरले तेव्हा टॅक्सीवाला घाम पुसत होता. हिवाळा सुरू झाला तरी थंडी नाही, समुद्र तापलाय, म्हणाला. मार्चमध्ये याकू नावाचं चक्रीवादळ उत्तर पेरूच्या समोर घोटाळत राहिलं होतं. या किनाऱ्याला अशा वादळांची सवयच नाही. पूर आले, मग डास आले, मग डेंग्यू. तो हे सगळं रहदारीत शिव्या देता देता सांगत होता, मला निम्मंच कळत होतं.

चोरिय्योसच्या छोट्या बंदरावर सकाळी गेले. लाकडी होड्या परतलेल्या, बायका ओट्यावर मासे साफ करत होत्या आणि पेलिकन पक्षी गिऱ्हाइकांच्या रांगेत उभे असल्यासारखे आतडी फेकली जायची वाट बघत होते. बाजूच्या टपरीवर सेविचे खाल्लं. पांढऱ्या मांसाचा मासा, त्याचे सुपारीएवढे तुकडे, मीठ, मिरची, लांब चिरलेला तांबडा कांदा, आणि वरून लिंबं पिळली की झालं, विस्तव नाही. लिंबाने मासा डोळ्यांदेखत पांढरट होत जातो. पूर्वी म्हणे तासन्‌तास मुरवत. जपानी वंशाच्या पेरुव्हियन आचाऱ्यांनी तो वेळ काही मिनिटांवर आणला. सोबत उकडलेलं रताळं आणि टपोऱ्या दाण्यांचा मका. ताटलीत उरलेला आंबट-तिखट रस वाघाचं दूध म्हणून पितात, आणि ते मी दोनदा मागून प्याले. सेविचेची दुकानं दुपारी जेवणानंतर बंद होतात, कारण सकाळचा मासा रात्री खायचा नाही हा जुना दंडक. शीतकपाटं आली तरी तो टिकून आहे. टपरीवालीची तक्रार माशाबद्दल नव्हतीच, लिंबांबद्दल होती. लिंबं उत्तरेतून, पियुराकडून येतात. तिकडे पावसाने आणि उष्म्याने फुलोरा गेला होता. ती म्हणाली त्याचा अर्थ मला परतल्यावर कळला. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पेरूत लिंबांचे भाव असे कडाडले की सेविचेवाल्यांनी हात टेकल्याच्या बातम्या येऊ लागल्या.

दक्षिणेला पाराकासला गेले ती बेटं बघायला. बायेस्तास बेटांना होडी फेरी मारते, उतरू देत नाहीत. लालसर खडकांच्या कमानी, त्यांवर पाणकावळे, बूबी, पेलिकन, खाली समुद्रसिंहांचं भुंकणं, मधूनच ठुमकत जाणारे पेंग्विन. आणि सगळ्यावर पांढरा थर. तो थर म्हणजे एके काळी या देशाची तिजोरी होती. पक्षी मासे खातात, बेटावर शिटतात. पाऊस नसल्यामुळे त्यातला नत्र वाहून जात नाही. शतकानुशतकं साचत गेलेल्या या ग्वानोचे डोंगर थोड्या उत्तरेच्या चिंचा बेटांवर काही ठिकाणी पन्नास मीटरपर्यंत उंच होते. १८४० नंतर ते युरोपातल्या शेतांवर जाऊ लागलं. खणायला चीनमधून करारावर आणलेले मजूर, म्हणजे नावाला मजूर, वागणूक गुलामांची. १८६४ मध्ये स्पेनने ही बेटं बळकावली आणि त्यावरून युद्ध पेटलं. विष्ठेसाठी आरमारं लढली, याचं पर्यटकांना हसू येतं. शेणखताच्या गाडीवरून भावकीत झालेली भांडणं बघत मी वाढले आहे, मला नाही आलं. ते डोंगर तीन-चार दशकांत संपले. आता सरकार राखण ठेवून, बेटं आलटून पालटून, फावड्याने खत काढतं. त्या वर्षी पक्षी कमी होते. मागल्या हिवाळ्यात, म्हणजे तिथल्या नव्हे, आमच्या हिवाळ्यात, बर्ड फ्लूने या किनाऱ्यावरचे लाखो पक्षी आणि हजारो समुद्रसिंह मारले होते. होडीवाला त्याविषयी बोलायला तयार नव्हता; पर्यटक बिचकतात.

हे सगळे पक्षी ज्यावर जगतात तो मासा म्हणजे आंचोवेता. वीतभरही लांब नाही, चंदेरी, आपल्या मांदेलीच्या कुळातला. त्याला बघायचं तर चिंबोतेला जायला हवं.

चिंबोते लिमाच्या उत्तरेला. १९४० च्या सुमारास चार-पाच हजारांचं निवांत कोळीगाव होतं. मग युरोप-अमेरिकेत कोंबड्या-डुकरांच्या खाद्याला मासळीची भुकटी हवी झाली, आणि तीस वर्षांत वस्ती लाखाच्या वर गेली. डोंगरातले शेतकरी पोंचो काढून जाळी ओढायला उतरले. चार-पाच किलो आंचोवेता शिजवून, पिळून, वाळवून दळला की किलोभर भुकटी. १९७० मध्ये पेरूने १ कोटी २० लाख टनांवर आंचोवेता पकडला. त्या काळी मासेमारीत जगातला पहिला देश. लुइस बांचेरो रोसी हा या धंद्याचा राजा. त्याच वर्षी ३१ मेच्या भूकंपाने आंकाश प्रांत उद्ध्वस्त केला, सत्तर हजारांच्या आसपास माणसं गेली, चिंबोतेही कोसळलं. १ जानेवारी १९७२ ला बांचेरोचा खून झाला. आणि त्या वर्षी समुद्र तापला. १९७३ ची पकड २० लाख टनांच्याही खाली आली. सरकारने अख्खा धंदा ताब्यात घेतला. इथेही बहात्तर म्हटल्यावर जुन्या माणसांना पुढचा शब्द लागत नाही.

गावाची ओळख म्हणजे वास, असं मला प्रत्येकाने बजावलं होतं. कारखान्यांच्या धुराड्यांतून येणारा, कपड्यांत, केसांत, पावात शिरणारा. मी उतरले आणि वास नव्हता. बंदरात बोटी रांगेने बांधलेल्या, जाळी डेकवर गुंडाळलेली, धुराडी गार. वर्षातला मासेमारीचा पहिला हंगाम सरकारने रद्द केला होता. चाचणीला टाकलेल्या जाळ्यांत पिल्लंच फार आली. खानावळवालीला मी म्हटलं, हवा तर छान आहे तुमच्याकडे. तिने पोळपाटावरची नजर न काढता उत्तर दिलं, "सेन्योरा, वास आला की पगार येतो."

होसे मारिया आर्गेदासची शेवटची कादंबरी याच गावावर आहे. ती पुरी करण्याआधीच त्याने १९६९ मध्ये आत्महत्या केली, पुस्तक १९७१ मध्ये निघालं. मासे जाण्याच्या आदल्या वर्षी. त्याला गावातला माणूस संपताना दिसत होता, मासा नव्हे. पण मासाही माणसानेच संपवत आणला होता. बहात्तरचं खापर सरसकट एल निनोवर फोडतात. खरं म्हणजे त्याआधीची वर्षं बोटी आणि कारखाने समुद्राला झेपतील त्याच्या कितीतरी पट वाढलेले होते, मग पाणी तापायचं निमित्त झालं. आमच्याकडे दुष्काळ म्हटलं की आभाळाकडे बोट दाखवतात आणि विहिरी किती खोल नेल्या, पाणी कोणत्या पिकाने प्यायलं हे विचारायचं राहून जातं, त्यातलाच हा प्रकार. हंगाम रद्द करणारा अधिकारी चिंबोतेत लोकप्रिय नसणारच. तरीही पन्नास वर्षांत ते एवढं तरी शिकले, असं त्या न येणाऱ्या वासात मला वाटलं.

त्रुहियोच्या अलीकडे बसच्या खिडकीतून वाळूच्या टेकड्या, आणि त्यांना चिकटून एकदम हिरवागार ऊस दिसला. अँडीजमधून उतरणाऱ्या नद्यांचं पाणी कालव्याने फिरवून हे लोक दोन हजार वर्षं वाळवंट पिकवत आहेत. पावसाचा थेंब नाही आणि मैलोन्‌मैल ऊस! शेजारचा जर्मन तरुण थक्क झाला होता. मी फोटोसुद्धा काढला नाही.

त्रुहियोजवळच्या वांचाकोला पोचले तो दिवस २९ जून, संत पीटरचा सण. पीटर कोळ्यांचा देव. देशभर सुटी. वांचाकोत त्याची मूर्ती लव्हाळ्याच्या मोठ्या होडीवरून समुद्रात फिरवतात, बँड, फटाके, फुलं, बिअर. या गावचं वैशिष्ट्य लव्हाळ्याच्या होड्याच आहेत. किनाऱ्यामागे खणलेल्या डबक्यांत तोतोरा नावाचं पाणगवत लावतात, पुरुषभर उंच होतं, कापून वाळवतात, जुड्या करकचून बांधतात आणि एक टोक वर वळवलेली अरुंद होडी तयार होते. मोचे लोकांच्या हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांवर हीच होडी आहे. कोळी तीवर बसतो, नुसत्या फाडलेल्या बांबूच्या वल्ह्याने लाटा फोडून आत जातो आणि येताना लाटेवर घसरत येतो. लाकूड नसलेल्या मुलखातली ही अक्कल. महिनाभरात गवत पाणी धरू लागतं, मग नवी बांधायची. वापरून झाली की किनाऱ्यावर उभी करून निथळत ठेवतात. आता पर्यटकांना फेरी मारून आणण्यात मासळीपेक्षा जास्त पैसे मिळतात, आणि बांधणारे हात कमी होत आहेत, हे गावात कोणीही सांगेल.

त्या वर्षी २९ जूनलाच आषाढी एकादशी होती. बँड वाजत असतानाच आईचा फोन आला. चार दिवसांपूर्वी मुंबईत आणि दिल्लीत एकाच दिवशी पाऊस पोचला होता, पण आमच्याकडे नुसता वारा. "वारकऱ्यांनी औंदा धूळच खाल्ली बघ," आई म्हणाली. "तिकडं हाय का पाऊस?"

"इथे पडतच नाही, आई."

"कवाच?"

"कवाच."

ती जरा थांबली. "आन्‌ मग ही एवढी माणसं खात्यात काय?" मासे, ऊस, मका असं मी सांगत गेले. ऊस म्हटल्यावर ती म्हणाली, "म्हंजी आपल्यासारखंच की," आणि फोन ठेवला.

वांचाकोच्या वाटेवर चान चान आहे. चिमू राजांची राजधानी, मातीच्या विटांची, वीस चौरस किलोमीटर पसरलेली. १४७० च्या सुमाराला इंकांनी जिंकली. १९८६ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवलं आणि त्याच वर्षी धोक्यातल्या यादीतही घातलं, कारण माती पावसात विरघळते. भिंतींवर पत्र्याची-ताडपत्रीची छपरं चढवली आहेत. एरवी इथे पाऊस नाही आणि येतो तेव्हा असा येतो की शहर धुऊन जातं. आतल्या एका भिंतीवर माशांच्या ओळी कोरल्या आहेत: काही मासे एका दिशेला तोंड करून, काही उलट. वाटाड्या म्हणाला, एक गार प्रवाह, एक गरम. हे त्यांचं की आधुनिक वाटाड्यांचं, सांगता येत नाही, पण ज्यांचं पोट त्या दोन प्रवाहांवर होतं त्यांना ते कळलं नसेल हे मानणं मला अवघड जातं.

कळलं होतं याचा दुसरा पुरावा जवळच आहे, आणि तो मला त्या दिवशी बघवला नाही. वांचाकितो इथे २०११ पासून झालेल्या उत्खननात १४० च्या आसपास मुलं आणि २०० हून अधिक कोवळे लामा पुरलेले सापडले. काळ १४५० च्या आगेमागे. छातीवर आडवा छेद. वाळूच्या जमिनीवर ओल्या चिखलाचा जाड थर होता आणि मुलांची पावलं त्यात उमटली होती. म्हणजे वाळवंटात मोठा पाऊस झाला होता. उत्खनकांचा तर्क, पाऊस थांबावा म्हणून हा बळी. आमच्याकडे पाऊस यावा म्हणून महादेवाची पिंड पाण्यात कोंडतात, बेडकाचं लग्न लावतात. पाऊस जावा म्हणून असं काही करावं लागणारी माणसं असतील, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. मुलांचे सांगाडे आता संग्रहालयाकडे आहेत, जागेवर बघण्यासारखं फारसं काही नाही, असं सांगून गाडीवाल्याने मला सोडवलं.

पुढे उत्तरेला पियुरा मात्र तापलेलं. हिवाळ्यातही अंगावरचा शर्ट ओला. रस्त्यांवर डेंग्यूच्या धुराच्या गाड्या, इस्पितळांबाहेर तंबू. २०१७ च्या मार्चमध्ये नदी शहरात शिरली होती, भिंतींवर त्या पाण्याची रेघ अजून दिसते. शेजारचं काताकाओस गाव तर बुडालंच होतं. पण इथे मला पहिल्यांदा एल निनोबद्दल चांगलं बोलणारी माणसं भेटली. सेचुराच्या वाळवंटाकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं दिसली आणि मी गाडी थांबवायला लावली. शेंगा, काटे, बारीक पानं. वेडी बाभूळ! निदान तिची अगदी जवळची नातलग. हिला इथे अल्गारोबो म्हणतात. आमच्या गायरानांत, ओढ्यांत, तळ्याच्या पोटात माजलेली, सरकारला काढता न आलेली ही जातही मूळची अमेरिका खंडांतलीच. इथे ती पूजनीय आहे. शेंगा उकळून काळा, गोड पाक करतात, बाटल्या भरून विकतात. शेळ्या शेंगांवर पोसतात. झाड तोडलं तर दंड. पुराच्या वर्षी वाळूत बी रुजतं आणि पुढची वीस वर्षं शेळीवाल्यांना चारा होतो. शेळीवाला म्हणाला, त्र्याऐंशीच्या पावसाने आम्हाला रान दिलं. आमच्याकडचा शेळीवाला याच झाडाखाली उभा राहून याच झाडाला शिव्या देतो.

वाळवंटाच्या खोलगट भागात पुराचं पाणी साचून तळंही होतं. १९९८ मध्ये ते एवढं पसरलं की काही काळ तितिकाकाखालोखाल देशातलं सर्वांत मोठं सरोवर ठरलं. लोकांनी तिथे होड्या आणल्या, मासे पकडले, मग ते आटलं. समुद्रातही तसंच. आंचोवेता गेल्यावर गरम पाण्यात १९८३ नंतर पाराकासच्या खाडीत शिंपल्यांचा असा पूर आला की दूरदूरचे पाणबुडे तिथे गोळा झाले, दोन-तीन वर्षं नुसती चंगळ. मी ऐकत गेले तशी माझी जुनी समजूत ढिली होत गेली. मी एका खलनायकाला बघायला आले होते. इथे तो काहींचा सावकार, काहींचा पाहुणा.

पाइता हे त्याचं बारशाचं गाव. वाळूच्या उतारावर उतरत्या रांगांनी लाकडी घरं, खाली बंदर. बोलिव्हारची प्रेयसी मानुएला साएन्स इथे हद्दपारीत राहिली, तंबाखू विकत, देवमासे मारणाऱ्या खलाशांची पत्रं लिहून देत, आणि १८५६ मध्ये घटसर्पाने गेली. आता इथे माकुलाचे कारखाने आहेत. पाइताच्या कोळ्यांना पूर्वापार ठाऊक होतं की नाताळाच्या सुमाराला उत्तरेकडून गरम पाणी येतं, म्हणून त्यांनी त्याला बाळ येशूचं, एल निनो हे नाव दिलं. १८९२ मध्ये कामिलो कारिय्यो या आरमारी कप्तानाने लिमाच्या भूगोल मंडळापुढे त्याबद्दल निबंध वाचला, तेव्हा ते छापील झालं. त्यानंतर बाराच वर्षांनी गिल्बर्ट वॉकर हिंदुस्थानच्या वेधशाळांचा प्रमुख होऊन आला. १८९९ च्या भीषण अवर्षणानंतर सरकारला पावसाचं भाकीत हवं होतं. हाताखालच्या हिंदी कारकुनांकडून त्याने जगभरच्या वायुभाराचे आकडे ताडून घेतले, आणि पॅसिफिकच्या एका टोकाला भार वाढला की दुसऱ्या टोकाला उतरतो, हा झोका शोधला. पाइताच्या कोळ्यांचं पाणी आणि शिमल्याच्या कारकुनांचे आकडे ही एकाच गोष्टीची दोन टोकं, हे याकोब ब्यर्कनेसने १९६९ मध्ये दाखवलं. माझ्या जन्माआधी तीन वर्षं. हवामान खात्याची ती कचेरी १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आली. शिवाजीनगरच्या तिच्या इमारतीला आजही सिमला ऑफिस म्हणतात आणि स्पॅनिशच्या वर्गाला जाताना माझी बस त्याच चौकात थांबत असे.

धक्क्यावर एक म्हातारा कोळी जाळं विणत होता. त्याला हे सगळं मी जमेल तशा स्पॅनिशमध्ये सांगितलं. इथलं पाणी तापलं की तिकडे, पृथ्वीच्या पलीकडे, आमच्याकडे पाऊस ओढ देतो. त्याने गांभीर्याने ऐकून घेतलं.

"तुमच्याकडे पाऊस कधी येतो, सेन्योरा?"

"जूनमध्ये. आला तर."

"मग नाताळात मला फोन करत जा. पाणी कसं आहे ते सांगेन."

मी म्हटलं, नेहमी खरं ठरेलच असं नाही. सत्त्याण्णव साली इथलं पाणी एवढं तापलं होतं, सगळ्यांनी धसका घेतला होता, आणि आमच्याकडे पाऊस चांगला झाला. तुम्ही फोनवर सांगितलेलं खोटं पडलं असतं.

"त्या उन्हाळ्यात?" तो म्हणाला. "त्या उन्हाळ्यात फोन उचलायला घर कुठे होतं माझं?"